न्यायाधीशाने सरकारी वकिलाला गळ घालावी काय? जॉन ग्लीसन यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

धागाकर्ता :
ब्रुकलिनच्या फेडरल न्यायालयात १९९४ ते २०१६ या काळात न्यायाधीश असलेले जॉन ग्लीसन हे त्याआधी तिथलेच सरकारी वकील. माफियाचा म्होरक्या जॉन गॉटी १९८७ साली निर्दोष सुटला, तेव्हा फिर्यादी पक्षाच्या बाकावर ते होते (ज्युरीतला एक जण पैसे घेऊन फुटला होता, हे पुढे सिद्ध झाले). १९९२ साली मात्र गॉटीच्याच टोळीतला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस साक्षीला उभा करून त्यांनी गॉटीला जन्मठेपेपर्यंत पोहोचवले.

मला चर्चा करायची आहे ती फ्रान्स्वा हॉलोवे प्रकरणाची. साथीदारासह बंदुकीच्या धाकाने तीन मोटारी पळवल्याबद्दल १९९६ साली ग्लीसन यांनी त्याला ५७ वर्षे ७ महिन्यांची शिक्षा ठोठावली. बंदूक साथीदाराच्या हातात होती. यांपैकी ४५ वर्षांबाबत न्यायाधीशाला काही पर्यायच नव्हता, कारण बंदूक वापरल्याच्या पहिल्या आरोपाला ५ आणि पुढच्या प्रत्येक आरोपाला २० वर्षे, तीही एकामागून एक भोगायची, असा तेव्हाचा कायदा होता आणि एकाच खटल्यातले आरोपही ‘पुढचे’ धरले जात. सरकारी वकिलांनी आधी साधारण ११ वर्षांची तडजोड देऊ केली होती. त्याने ती नाकारून खटला लढवला, एवढाच काय तो फरक. अपिले संपली, १९९९ साली सर्वोच्च न्यायालयातही तो हरला. पुढे ग्लीसन यांनी तेथील मुख्य सरकारी वकील लोरेटा लिंच यांना, यातील दोन दोषसिद्धी रद्द करण्यास संमती द्यावी, अशी विनंती केली. आधी लिंच यांनी राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज करण्याचा मार्ग सुचवला. २०१४ साली मात्र त्या राजी झाल्या आणि हॉलोवे सुटला. माझ्या मते न्यायाधीशाने करावे ते हेच.

प्रतिसाद : जुना फौजदारी वकील
सहमत नाही. हॉलोवे सुटला याचा आनंदच आहे, पण तो कशाच्या बळावर सुटला? एका न्यायाधीशाच्या मनाला टोचणी लागली आणि एका सरकारी वकील बाईंनी ती मानली. त्याच कायद्याखाली ज्यांच्या शिक्षा एकावर एक रचल्या गेल्या, पण ज्यांचे न्यायाधीश निवृत्त झाले होते किंवा निबर होते, त्यांनी काय करायचे होते? शिवाय ज्या पक्षाचे खटले आपल्यापुढे रोज चालतात त्याच पक्षाकडे न्यायाधीशाने शब्द टाकणे मला पटत नाही. आज दयेसाठी विनंती झाली, उद्या दुसऱ्या कशासाठी होईल.

धागाकर्ता :
‘शब्द टाकणे’ हा आरोप मला अन्यायाचा वाटतो, कारण विनंती उघड होती आणि त्यावरचा निकाल लेखी, सर्वांना वाचता येईल असा आहे. ज्यांच्या मोटारी गेल्या त्यांनाही विचारले गेले होते आणि त्यांनी विरोध केला नाही. आणि पक्ष कोणता म्हणता? शिक्षा प्रत्यक्षात ठरवत होता तो आरोप निवडणारा सरकारी वकीलच. न्यायाधीश बेरीज करत होता. २०१३ सालच्या एका निकालात ग्लीसन यांनी हेच अमली पदार्थांच्या खटल्यांबद्दल लिहिले आहे, की जुन्या गुन्ह्यांच्या आधारे शिक्षा वाढवण्याची धमकी देऊन गुन्हा कबूल करवून घेतला जातो. सरकारी वकिलाच्या खुर्चीत स्वतः बसलेला माणूस हे सांगतो, याला वजन आहे.

प्रतिसाद : न्यू जर्सीकर
मग २०२० साली हेच ग्लीसन कुठे होते ते पाहा. ट्रम्प यांचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकेल फ्लिन यांनी गुन्हा कबूल केल्यानंतर न्याय खात्यानेच खटला मागे घ्यायचे ठरवले, तेव्हा न्यायाधीश सलिव्हन यांनी ग्लीसन यांना न्यायालयाचे मित्र (न्यायालयाला तटस्थपणे साहाय्य करणारा वकील) नेमले आणि ग्लीसन यांनी लिहिले, की खटला मागे घेऊ देऊ नये. त्या नेमणुकीच्या दोनच दिवस आधी त्यांचा सहलेखनातला लेख वर्तमानपत्रात याच मताचा आला होता. म्हणजे सरकारी वकील आपल्या मनाप्रमाणे वागला तर दया आणि नाही वागला तर अधिकाराचा गैरवापर?

प्रतिसाद : जुना फौजदारी वकील
इथे मात्र मी ग्लीसन यांच्या बाजूने बोलेन, तेही काहीसे नाइलाजाने. खटला मागे घ्यायला न्यायालयाची परवानगी लागते, आपल्याकडच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम ३२१ सारखीच. ती परवानगी नुसता शिक्का नसेल, तर कारण खरे आहे का, हे कोणीतरी तपासायलाच हवे. दोन्ही प्रकरणांत न्यायाधीशाने सरकारी वकिलाच्या अधिकाराकडे डोळेझाक करू नये, हेच त्यांचे म्हणणे दिसते. तो लेख मात्र त्यांनी लिहायला नको होता.

माझा मूळ आक्षेप कायम आहे, आणि त्याला पुरावा ग्लीसन यांच्याच निकालांत आहे. विम्याच्या बनावट अपघातात सामील झालेल्या, घरोघरी रुग्णसेवा करणाऱ्या एका बाईला त्यांनी २००२ साली पाच वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहण्याची शिक्षा) दिली होती. जुन्या शिक्षेमुळे तिला नोकऱ्या टिकवता येत नाहीत म्हणून २०१५ साली त्यांनी तिची नोंदच पुसून टाकली. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने ते फिरवले : वैध दोषसिद्धीची नोंद पुसण्याचे अधिकारक्षेत्रच जिल्हा न्यायालयाला नाही. हॉलोवेच्या वेळी सरकार हो म्हणाले, इथे सरकारने विरोध केला. न्यायाधीश तोच होता आणि कळकळही तीच होती.

धागाकर्ता :
म्हणूनच कायदा बदलावा लागला. डिसेंबर २०१८ पासून एकाच खटल्यातले आरोप असे रचता येत नाहीत. जादा शिक्षेसाठी आधीची दोषसिद्धी अंतिम झालेली असावी लागते. पण ज्यांना आधीच शिक्षा झाली होती त्यांना हा बदल आपोआप लागू झाला नाही. न्यायासन सोडून वकिलीकडे परतलेल्या ग्लीसन यांनी अशाच कैद्यांची प्रकरणे विनामोबदला हाती घेतली.