मदत हवी आहे : प्रभागातल्या कामांची दरमहा माहिती-पत्रिका काढायची आहे, कुणी केलं आहे का?

नमस्कार मंडळी,

आमच्या प्रभागात सध्या तीन कामं एकदम चालू आहेत. जुनी जलवाहिनी बदलणं, तिच्यापाठोपाठ रस्त्याचं काँक्रिटीकरण, आणि नाल्याकडेच्या उद्यानाची दुरुस्ती. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. हीच अडचण महाराष्ट्रात इतरही अनेकांना असणार आणि धागा एका महापालिकेवरच्या वादात अडकायला नको.

माहिती येत नाही असं मुळीच नाही. महापालिकेचं फेसबुक पान रोज हलतं, व्हॉट्सॲप चॅनेल आहे, वर्तमानपत्रांत प्रसिद्धीपत्रकं येतात. पण ते सगळं वाचूनही उद्या नळाला पाणी येणार का, गल्लीत रिक्षा शिरेल का, हे कळत नाही. 'काम प्रगतीपथावर आहे, नागरिकांनी सहकार्य करावे' एवढंच हाती लागतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खोदलेल्या चराचा फोटो जूनमध्ये टाकला होता, तोच ऑगस्टमध्ये पुन्हा आला. डाव्या कोपऱ्यात निळी ताडपत्री, तिच्यावर दोन घमेली, मागच्या गॅलरीत वाळत घातलेली तीच फुलाफुलांची चादर. मधल्या काळात तो चर बुजवला होता आणि गळती निघाली म्हणून परत उकरलाही होता. लोकांना खरं तर तेवढंच हवं होतं, आणि तेच त्या पोस्टमध्ये नव्हतं.

जागेवर फलक आहे. कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, 'कालावधी १२ महिने' असं त्यावर आहे. कार्यादेशाच्या, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणाऱ्या आदेशाच्या, तारखेची जागा मात्र कोरी आहे. तारीखच नसेल तर बारा महिने कुठून मोजायचे? दोष दायित्व कालावधीची ओळही तशीच रिकामी. म्हणजे रस्ता झाल्यावर दोन वर्षांत उखडला तर तो कुणी स्वखर्चाने दुरुस्त करायचा, हेही त्या फलकावरून समजत नाही.

पाणी बंद राहणार असल्याचा मेसेज बहुतेक वेळा आदल्या रात्री येतो. आमच्याकडे जुन्या चाळी आहेत, एकट्या राहणाऱ्या बऱ्याच आजी-आजोबा आहेत. त्यांच्याकडे साधा फोन. शेजारच्याने दार वाजवून सांगितलं तरच त्यांना कळतं आणि तोवर हंडे भरायची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून आमच्या मोहल्ला समितीने ठरवलं आहे की दर महिन्याला एका पानाची पत्रिका काढायची. मोठ्या टायपात, मराठीत, प्रत्येक सोसायटीच्या आणि चाळीच्या फलकावर लावायची आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायची. क्षेत्रीय कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी कल्पना उचलून धरली. 'मसुदा आणा, माहिती आम्ही भरून देतो' म्हणाले. मला त्याचं खरंच समाधान आहे आणि ही संधी वाया घालवायची नाही.

आता मदत कशात हवी आहे ते सांगते. पत्रिकेत नेमके कोणते रकाने ठेवावेत, म्हणजे 'प्रगतीपथावर' लिहून सुटता येणार नाही? कार्यालयाने एखाद्या महिन्यात माहिती दिलीच नाही तर ती कायद्याने कशी मिळवायची, तीही संबंध न बिघडवता? आणि तिसरी गोष्ट मला जास्त छळते आहे. त्याच बैठकीत उद्यान 'लोकसहभागातून' सांभाळण्याचा प्रस्ताव आमच्यापुढे ठेवला. कराराच्या मसुद्यात 'देखभाल व दुरुस्तीची सर्व जबाबदारी संस्थेची राहील' असं वाक्य आहे. आमची संस्था म्हणजे निवृत्त शिक्षक, दोन गृहिणी, कॉलेजची मुलं. झाडांना पाणी घालू, कुलूप-किल्ली सांभाळू. खेळणी मोडून एखादं मूल पडलं तर? असे करार कुणी केले असतील तर कृपया अनुभव लिहा.

– ओसरीवरची

पाणंद :

ताई, माहिती मिळवण्याचा भाग मी सांगतो, बरीच वर्षं हेच करतो आहे.

माहितीचा अर्ज हा पहिला मार्ग समजू नका. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ खाली कार्यालयाने बरीचशी माहिती कुणी न मागताच जाहीर करायची असते. अर्थसंकल्प, खर्च, अधिकाऱ्यांची कामं, लोकांशी सल्लामसलतीची व्यवस्था, सगळं त्यात येतं. त्यामुळे तुमची पत्रिका म्हणजे कार्यालयाने तुमच्यावर केलेले उपकार नव्हेत. त्यांचंच काम तुम्ही सोपं करून लोकांपर्यंत नेत आहात. बैठकीत हे शांतपणे सांगा, सूर बदलतो.

दुसरं म्हणजे सोमवार. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने महापालिकांसकट स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातली कागदपत्रं, पाहू द्यायचे आहेत. सोमवारी सुट्टी असेल तर त्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी. जाताना तोंडी 'फाइल दाखवा' म्हणू नका, कागदाचं नाव घ्या : कार्यादेश, मंजूर अंदाजपत्रक, मुदतवाढ दिली असेल तर तिचं पत्र, आणि मोजमाप पुस्तिका. मोजमाप पुस्तिकेत कोणत्या तारखेला किती मीटर पाइप टाकला हे अभियंत्याच्या सहीने नोंदलेलं असतं आणि त्यावरच ठेकेदाराचं बिल निघतं. कामाची खरी कुंडली तीच.

तरीही नाही मिळालं तर मग अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच ठेवा, मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत, आपल्या राज्याच्या नियमांत तसं आहे. 'काम का रखडलं?' असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील.

पत्रिकेच्या मागच्या बाजूला सेवांची माहितीही छापा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. जन्म-मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणी, नळजोडणी यांना ठरलेली मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा द्यायला जबाबदार असलेला) आणि अपील कुणाकडे, हे कार्यालयाने फलकावर लावायचं असतं. तेच उतरवून घ्या. लोक ते कापून जपून ठेवतात.

शिसपेन्सिल :

मी एका महापालिकेत पाणीपुरवठा विभागात अभियंता होतो, आता निवृत्त. रकान्यांबद्दल लिहितो.

'प्रगतीपथावर' हा शब्द आमच्या मासिक अहवालातल्या 'शेरा' रकान्यातून उचलला जातो. त्याच तक्त्यात शेजारी भौतिक प्रगती आणि आर्थिक प्रगती अशा दोन टक्केवाऱ्या असतात. भौतिक म्हणजे जागेवर झालेलं काम, आर्थिक म्हणजे निघालेली बिलं. प्रसिद्धीला देताना बहुतेक वेळा फक्त शेरा जातो. तुम्ही त्या दोन टक्केवाऱ्या मागा, तयारच असतात, कुणाला वेगळं काही करावं लागत नाही.

पण चाळीतल्या आजींना टक्केवारीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी टप्पे लिहा. जलवाहिनीचे टप्पे साधारण असे जातात : रस्ता खोदायची परवानगी आणि वाहतूक पोलिसांचा ना-हरकत दाखला, खोदाई, पाइप टाकून जोडणं, दाब चाचणी, घराघरांचे नळजोड जुन्या वाहिनीवरून नव्यावर घेणं, चर भरून नीट दाबणं, मग रस्ता पूर्ववत करणं. पाइप पुरला की लोकांना वाटतं काम झालं. त्यापुढे आठवडेच्या आठवडे वरून काहीच हलताना दिसत नाही, आणि शिव्या खायची वेळ नेमकी तिथेच येते. चाचणीत गळती निघाली की चर पुन्हा उकरावाच लागतो. तुमच्या गल्लीत तेच झालं असणार. ते लपवण्यासारखं काहीच नव्हतं. उलट काँक्रीट ओतल्यावर गळती सापडली असती तर अख्खा रस्ता फोडावा लागला असता.

त्याचसाठी एक विनंती. नळजोड पूर्ण बदलून झाल्याशिवाय काँक्रिटीकरण सुरू होत नाही ना, यावर तुमच्या समितीने लक्ष ठेवावं. दोन कामं दोन विभागांची आणि दोन ठेकेदारांची असतात, एकाची घाई दुसऱ्याला नडते. चर नीट न दाबता वर काँक्रीट केलं तर पहिल्याच पावसाळ्यानंतर तिथे खचतं. काँक्रीटला अपेक्षित ताकद यायला साधारण २८ दिवस धरतात, तेव्हा ओतल्यावर रस्ता काही दिवस बंद दिसला तर काम रखडलं असं समजू नये, हेही पत्रिकेत लिहा. लोक समजून घेतात, फक्त आधी सांगावं लागतं.

आणि प्रत्येक कामासमोर 'मागच्या महिन्यात काय ठरलं होतं' हा रकाना ठेवाच. हा एक रकाना असला की फोटो परत वापरता येत नाही.

कोथिंबीर_जुडी :

पुण्यातून लिहितेय. आमच्याकडे २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक होतं. आपापल्या भागातली छोटी कामं लोक सुचवतात, क्षेत्रीय कार्यालय छाननी करतं. सुचवणं सोपं आहे, पुढे त्या कामाचं काय झालं हे शोधताना दमछाक होते. मार्च २०२२ नंतर नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, तेव्हा तर विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. म्हणून पत्रिकेत 'लोकांनी सुचवलेली कामं आणि त्यांचं सध्या काय' असा छोटा भाग ठेवा.

भागीदारीचं चांगलं उदाहरण हवं असेल तर 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था पाहा. २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून तिने घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. अशा करारात काम कुणाचं, साधनं कुणाची, पैसे कोण देणार, हे लिहिलेलं असतं. सगळं गोड नसतं, नूतनीकरणाच्या वेळी ओढाताण होते, पण बोट ठेवायला कागद असतो. तुमच्या उद्यानाच्या करारात नेमकं तेच नाही असं दिसतंय.

उंबरठा :

'सर्व जबाबदारी' या शब्दांवर सही करू नका. वकील म्हणून सांगतो. देखभाल आणि दुरुस्ती वेगळी काढा. झाडलोट, पाणी, उघडणं-बंद करणं संस्थेकडे. खेळणी, भिंत, वीज, सुरक्षितता आणि अपघाताची जबाबदारी महापालिकेकडे. मोडतोड कळवल्यापासून किती दिवसांत ती दुरुस्त करायची, ही मुदतही लिहून घ्या. मालमत्ता महापालिकेची आहे आणि राहील, हे वाक्य हवंच. कराराला मुदत हवी आणि नोटीस देऊन बाहेर पडायची सोय हवी. संस्था नोंदणीकृत नसेल तर सही करणारी माणसं व्यक्तिशः अडकू शकतात, ते आधी तपासा.

ओसरीवरची :

सगळ्यांचे मनापासून आभार. शिसपेन्सिल काका, तुमचा प्रतिसाद आम्ही समितीत मोठ्याने वाचला. गळती सापडणं ही चांगली गोष्ट होती हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. गल्लीत उगाच त्या मुकादमाला बोल लावले गेले.

तुमच्या सगळ्यांच्या सूचनांवरून पहिल्या कामाचा मसुदा असा केला आहे :

'जलवाहिनी बदलणे. मागच्या महिन्यात ठरलं होतं : दाब चाचणी पूर्ण करणे. झालं : चाचणी झाली, एक गळती सापडली, दुरुस्त केली. पुढचा टप्पा : नळजोड बदलणे, तारीख ____ ते ____. पाणी बंद : ____ (किमान दोन दिवस आधी कळवणार). विचारायचं कुणाला : कनिष्ठ अभियंता, कार्यालयातील भेटीची वेळ ____.'

अभियंत्याचा मोबाइल नंबर छापावा की नाही यावर आमच्यात दोन मतं होती. शेवटी फक्त पद आणि भेटीची वेळ ठेवली, नाहीतर त्या माणसाला दिवसभर फोनच घ्यावे लागतील.

काँक्रिटीकरण नळजोड संपेपर्यंत सुरू करू नये, असं पत्र पाणीपुरवठा आणि पथ अशा दोन्ही विभागांना एकाच दिवशी देणार आहोत, दोघांच्या प्रती एकमेकांना. कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका पाहायला येत्या सोमवारी आमच्यातली दोघं जात आहेत.

उंबरठा, आमची समिती नोंदणीकृत नाही. त्यामुळे उद्यानाची सही सध्या थांबवली आहे आणि तसं कार्यालयाला लेखी कळवलं आहे. झाडांना पाणी घालणं मात्र चालूच आहे. दुरुस्ती महापालिकेकडे आणि रोजची निगा संस्थेकडे अशी विभागणी असलेला करार कुणाच्या शहरात प्रत्यक्ष झाला असेल तर नावं, रकमा झाकून त्याची कलमं इथे टाकाल का? तयार नमुना समोर ठेवला तर क्षेत्रीय कार्यालयाला तो विधी विभागाकडे पाठवणं सोपं जाईल, असं त्यांनीच सुचवलं आहे.