पहिली स्कूटर घ्यायची आहे, माझी उंची ५ फूट: ११० सीसीची की १२५ सीसीची (म्हणजे मोठ्या इंजिनची)?

नवी_चालक
कोथरूड ते हिंजवडी, चांदणी चौकातून, जाऊन-येऊन साधारण ३५ किमी. वजन ४८ किलो. आठवड्यातून दोन-तीनदा आई मागे बसणार. सायकल येते, गाडी कधी चालवलेली नाही. अॅक्टिव्हा ११०, ज्युपिटर ११० आणि अॅक्सेस १२५ मनात आहेत. पाय कुठल्या गाडीवर नीट टेकतील? १२५ खरंच लागते का? सोसायटीत चार्जिंग नाही, म्हणून इलेक्ट्रिक नको.

गॅरेजकट्टा
आधी पाय. अॅक्टिव्हाच्या सीटची उंची ७६४ मिमी, अॅक्सेसची ७७३. या ९ मिमीवर जाऊ नका, खरा फरक सीटच्या रुंदीचा असतो. पुढून सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढाच आखूड पडतो. डबल स्टँडवरच्या गाडीवर बसून यातलं काहीच कळत नाही. स्टँड काढायला लावा, रोजचे बूट घालून जा, पुढे सरकून बसा. दोन्ही चवडे भक्कम टेकले की पुरे, टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही. मग आईंना मागे बसवून पुन्हा बघा. शेवटी बसल्या बसल्या पायांनी गाडी दहा पावलं मागे रेटा. पार्किंगमध्ये रोज हेच करायचंय. शंभर किलोच्या वरची गाडी, हँडल वळलेलं आणि चवडा वाळूवर घसरला, की गाडी आडवी होते. नवशिके बऱ्याचदा असे उभ्या गाडीवरूनच पडतात.

घाटवाट
एकटीला ११० भरपूर. चांदणी चौकाच्या चढावर डबलसीट असताना आणि ट्रकला ओलांडताना १२५ चा जोर जाणवतो, पण दोन-तीन दिवसांसाठी तो अत्यावश्यक नाही.

मी चाकांकडे जास्त बघेन. ज्युपिटरला दोन्ही चाकं १२ इंची. अॅक्टिव्हा ११० आणि अॅक्सेसला पुढचं १२, मागचं १०. लहान चाक खड्ड्यात जास्त उतरतं आणि दणका मागे बसलेल्या माणसाच्या कंबरेला बसतो. आई मागे असतील तर माझं मत ज्युपिटरला.

उताराचं आत्ताच शिकून ठेवा. स्कूटरला गिअर टाकून वेग रोखता येत नाही. वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. दोन्ही ब्रेक आधीपासून हलके दाबत उतरा. ओल्या काँक्रीटवर किंवा गटाराच्या लोखंडी झाकणावर नुसता उजवा, म्हणजे पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचं चाक निसटतं.

कागदपत्री
पैसे भरण्याआधी टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. फॉर्म २२ वर, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रावर, गाडी कुठल्या महिन्यात बनली तेही बघा. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा दर आधी काढून न्या. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा) ५ वर्षांचा लागतो. गाडीबरोबर आयएसआय हेल्मेट देण्याचा नियम आहे, आठवणीने मागा. आईंसाठी दुसरं घ्यावंच लागेल.

लर्निंग लायसन्स आजच काढा, पक्क्याची परीक्षा ३० दिवसांनंतरच देता येते.

नवी_चालक
लायसन्स नाही म्हणून शोरूमने टेस्ट राईड नाकारली तर?

गॅरेजकट्टा
चालवायला लायसन्स लागतं, शोरूमच्या आवारात बंद गाडीवर बसून पायांनी ती मागे-पुढे करायला नाही. तेवढंच मागा. राईड घरातल्या लायसन्सवाल्या माणसाला घेऊ दे, आईंना मागे बसवून, खड्ड्यांच्या रस्त्यावर. खाली उतरल्यावर कंबरेचं त्यांनाच विचारा.