ग्रँड टेटन चढायचाय, सह्याद्रीचा अनुभव पुरेल का?

कातळवाट: ऑगस्टमध्ये यलोस्टोन बघून खाली ग्रँड टेटन नॅशनल पार्कला जातोय. इकडे सह्याद्रीत नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग हे किल्ले वगैरे झालंय. गाइड न घेता ग्रँड टेटन शिखराच्या माथ्यावर जाता येईल का? आणि हे डोंगर सपाटीतून असे एकदम उभे कसे काय, पायथ्याला एक टेकडी म्हणून नाही!

रोपवाला_डेन्व्हर: नियमाने जाता येतं, चढाईला परमिट नाही, फक्त वर मुक्काम करायचा तर घ्यावं लागतं. पण माथा १३,७७५ फुटांवर आणि गाडी लावता ती लुपिन मेडोज ६,७०० च्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच जागेवरून सुरुवात करून आणखी सात हजार फूट. बहुतेक जण गार्नेट कॅनियनमधून लोअर सॅडल या खिंडीत (११,६०० फूट) झोपतात आणि पहाटे अंधारात निघतात. ओवेन-स्पॉल्डिंग हा त्यातल्या त्यात सोपा रूट, १८९८ सालचा, तरी रोप (दोर) लागतोच आणि उतरताना रॅपल, म्हणजे दोरावरून घसरत उतरणं. मदनला रोप दुसऱ्याने लावला होता की तुम्ही? दुसऱ्याने असेल तर गाइड घ्या, सरळ सांगतो.

दगडू_जिऑलॉजी: टेकडीच्या प्रश्नाचं मी सांगतो. पायथ्यालाच टेटन फॉल्ट, म्हणजे जमिनीतली मोठी भेग आहे, त्याच्या पश्चिमेचा तुकडा वर उचलला गेला आणि पूर्वेचा, म्हणजे जॅक्सन होलचं खोरं, खाली बसला, भूकंपागणिक थोडं थोडं करत. हे सुरू होऊन कोटभर वर्षंच झालीत, त्यामुळे डोंगर एकदम तरुण, पण दगड बघाल तर नाइस (उष्णता-दाबाने बदललेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक), २७० कोटी वर्षं जुना! आपला दख्खनचा बसॉल्ट साडेसहा कोटींचा, त्यापुढे कालचं पोर. माउंट मोरान नक्की बघा, माथ्यावर वालुकाश्माचा छोटासा तुकडा उरलाय आणि तोच थर खोऱ्याखाली हजारो मीटर खोल गाडला गेलाय. त्याच्या कड्यावर जी काळी उभी पट्टी दिसते तो डाइक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेला लाव्हारस, असले डाइक आपल्याकडे धुळे-नंदुरबारलाही ढिगाने आहेत. टोकदार आकार मात्र हिमनद्यांनी कोरलेत.

कातळवाट: भारी माहिती. रोप दुसऱ्यानेच लावला होता 😅 गाइडचे रेट बघून घाम फुटला पण. रोपशिवाय काही?

रोपवाला_डेन्व्हर: मग टेबल माउंटन करा, ११,१०६ फूट, पार्कच्या हद्दीबाहेर पश्चिमेला आहे, आयडाहोतल्या ड्रिग्जकडून जायचं. दमवतो चांगलाच, पण रोप नको आणि माथ्यावर ग्रँड अगदी समोर. नाहीतर लुपिन मेडोजवरूनच अ‍ॅम्फीथिएटर लेक. काहीही करा, दुपारच्या आत खाली या, उन्हाळ्यात दुपारी विजा पडतात, २०१० च्या जुलैत ग्रँडवर १७ जण विजांच्या तडाख्यात सापडले होते, एक गेला. निघायच्या आदल्या दिवशी जेनी लेकच्या रेंजर स्टेशनात वर बर्फ किती आहे ते विचारून घ्या.

माउली_७२: बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) तिथेच विकत घ्या, विमानात नेऊ देत नाहीत. आणि सॅकच्या आत नको, कमरेला लावा.