'साडेदोन' का नाही? दीड, अडीच, पावणे आणि सव्वा

मूळ प्रश्न:
मुलगी पाचवीत आहे. पूर्णांकयुक्त अपूर्णांक वाचताना साडेपाच, साडेचार, साडेतीन असं म्हणत ती खाली आली आणि २ १/२ ला सहज 'साडेदोन' म्हणाली. मी 'अडीच' सांगितलं, तर म्हणाली, "पण का?" मला उत्तर देता आलं नाही. दीड आणि अडीच या शब्दांत एक किंवा दोन कुठे ऐकूच येत नाहीत. शिवाय 'पावणेतीन' तिने ३ ३/४ असं लिहिलं होतं. कानाला तीन ऐकू आले, म्हणून तिने तीन लिहिले. या शब्दांची फोड कुणी करून देईल का?

प्रतिसाद:
अडीचमध्ये दोन नाहीतच, तीन आहेत! संस्कृत 'अर्धतृतीय', त्याचं प्राकृत 'अड्ढाइज्ज', त्यावरून अडीच. अर्धतृतीय म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असं. दोन भाकरी पुऱ्या, तिसरी अर्धी. दीडही तसाच, प्राकृत 'दिवड्ढ' म्हणजे दुसरा अर्धा. याच मालिकेत साडेतीनसाठीही शब्द होता, 'औट' (अर्धचतुर्थ, प्राकृत 'अद्धुट्ठ'). संतांच्या वाणीत देह 'औट हात' असतो तो हाच. 'साडे' मात्र 'सार्ध' वरून आला, म्हणजे अर्ध्यासह. मोजायच्या या दोन वेगळ्या रीती आहेत. औट बोलण्यातून गेला आणि तिथे साडेतीन बसला. दीड-अडीच रोजच्या तोंडातले, ते टिकले.

प्रतिसाद:
औट पूर्ण गेला असं नाही. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ होते. औटकीत दोनाला सात, चाराला चौदा. दुकानात कागद न घेता हिशेब व्हायचा.

प्रतिसाद:
पावणेतीनबद्दल. पाऊण आणि पावणे दोन्ही 'पादोन' वरून, पाद + ऊन, म्हणजे पावाने कमी. हाच 'ऊन' एकोणतीसमध्ये आहे. मी वर्गात मुलांना दोन्ही शब्द शेजारी लिहून दाखवते: एकोणतीस, तिसाला एक कमी, पावणेतीन, तिनाला पाव कमी. एकोणतीस ऐकून कुणी तिसाच्या पुढचा आकडा लिहीत नाही, कारण तो शब्द ओळखीचा असतो. मग संख्यारेषेवर तीनवर बोट ठेवून एक पाव मागे यायला सांगते. २ ३/४ तिथेच सापडतो.

पुढची अडचण याहून मोठी आहे, आणि तिच्यासाठी जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. पावणेदोनशे किती? बरीच मुलं दोनशेतून पाव वजा करू पाहतात आणि गोंधळतात. इथे पाव शंभराचा आहे, म्हणून २०० उणे २५, म्हणजे १७५. पावणेदोन हजार म्हणजे १७५०, कारण आता पाव हजाराचा. पाव किलो २५० ग्रॅम, पाव तास १५ मिनिटं, पाव डझन केळी तीन. "पाव कशाचा?" हे विचारायची सवय लागली की अंश-छेद शिकवणं फार सोपं जातं. छेद म्हणजे कापणं, कापून किती भाग केले ते. अंश म्हणजे त्यातले किती घेतले. पण कापलं काय, हे वहीतल्या ३/४ वर कुठेच लिहिलेलं नसतं.

प्रतिसाद:
खायचा पाव याच्याशी जोडू नका, तो पोर्तुगीजांकडून आला. भाकरीच्या चौथ्या भागाला आपला शब्द चतकोर.

मूळ प्रश्नकर्ती:
काल रात्री भाकरी घेऊनच बसलो. दोन पुऱ्या ठेवल्या, तिसरी मोडली, आणि 'तिसरी अर्धी' तिला लगेच कळलं. आता तिचा नवा प्रश्न आहे: पावणेदोन आहे, मग 'पावणेएक' का नाही? नुसतं पाऊण का?

प्रतिसाद:
छान विचारलंय तिने. तिथे एक न बोलता धरलेला आहे. पाऊण म्हणजे '(एकाला) पाव कमी'. सव्वा म्हणजे 'सपाद', पावासह, कुणासह तर एकाच्याच. म्हणून 'सव्वाएक'ही नाही, पण सव्वादोन आहे. घड्याळाकडे बघून तिला बोलायला सांगा: पाऊण वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला, पण पावणेदोन वाजले. शब्दात 'दोन' आला की क्रियापद अनेकवचनी होतं, दोन वाजायला अजून पंधरा मिनिटं असली तरी.