जुना रेंजफाइंडर घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री हा फिल्म कॅमेरा विकत मिळतोय; रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा. १९७२ साली आलेलं मॉडेल, ४० मिमी एफ/१.७ लेन्स. मन केव्हाच हो म्हणून बसलंय, तुम्हीच आता लगाम घाला.

हातात घेऊन पाहिला. १/५०० सेकंदाला शटर खणखणीत, पण १/४ ला पाती अर्ध्यावर रेंगाळतात. विकणारा म्हणतो, "वापरात आला की सुटेल." मला नाही पटलं. मागचं दार उघडलं तर प्रकाश अडवणाऱ्या फोमचा काळा चिकटा बोटाला लागला. तो बदलता येतो, त्याचं काही नाही. खरी धास्ती फोकसची. लांबचा खांब पाहताना रिंग अनंतावर नेली तरी दोन प्रतिमा जुळत नाहीत, आणि मधला पिवळा चौकोनही फिकटलाय.

मूळची १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, पण मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हाताने लावलं तर, शटर बॅटरीशिवाय चालतं. प्रकाश मोजायचं मीटर फोनवर बघेन.

पाती साफ करणं आणि रेंजफाइंडर जुळवणं घरी जमण्यासारखं आहे का? की हा सोडून याशिका इलेक्ट्रो ३५ शोधू? त्याची बॅटरी संपली की फक्त १/५०० उरतो, म्हणून मन धजत नाही. दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा.