पाच औंसी 'अमेरिका द ब्युटिफुल': 'पी'साठी जादा पैसे मोजावेत का?

चांदीशीमतलब
राष्ट्रीय उद्यानं आणि इतर सार्वजनिक स्थळांवरची अमेरिकी टांकसाळीची ही चांदीच्या नाण्यांची मालिका २०१० ते २०२१ चालली, एकूण ५६ नाणी. प्रत्येकात ०.९९९ कसाची पाच ट्रॉय औंस चांदी, म्हणजे १५५.५ ग्रॅम, सव्वातेरा तोळ्यांच्या वर. 'पी' ही फिलाडेल्फिया टांकसाळीची खूण असलेल्या, संग्राहकांसाठीच्या नाण्यातही तेवढीच. मग वरचे पैसे कशाचे? विकायला भारतात आणलंत तर सराफ वजन आणि कस पाहतो, खूण नाही. बिनखुणेचं बुलियन, म्हणजे धातूच्या किमतीसाठी घेतात ते नाणं, घ्या.

ग्रॅनाइट
साफ असहमत. २०१० ची बुलियन नाणी प्रत्येकी ३३,००० निघाली, 'पी'ची २७,०००. शिवाय 'पी'वरची व्हेपर ब्लास्टची, म्हणजे पाणी आणि बारीक कणांच्या माऱ्याने आणलेली, मंद झाक बुलियनला नसते. ग्रँड कॅन्यनचं नाणं घ्या. कोलोरॅडो नदीवरच्या कड्यातली नानकोवीपची धान्यकोठारं त्यावर आहेत. २४.३ मिमीच्या चलनी क्वार्टरवर (२५ सेंटच्या नाण्यावर) त्यांची तोंडं नुसते ठिपके वाटतात, इथे ७६.२ मिमीवर दगडांची रचाई दिसते. संग्राहक पैसे मोजतो ते याचे, आणि ते नाणं त्यालाच विकायचं असतं, सराफाला नव्हे.

चांदीशीमतलब
पण ती झाक फार नाजूक. एकदा मऊ कापडाने पुसलं तरी चकाकणारा पट्टा उमटतो, तो जात नाही. हाताळलेल्या 'पी'ला बुलियनचाच भाव येतो. इतकी जोखीम कशाला?

ग्रॅनाइट
पुसायचंच नाही ना! कडेने धरा, ७६ मिमीच्या कॅप्सूलमध्ये ठेवा, जवळ सिलिका जेल. मऊ पीव्हीसीची पाकिटं आणि रबरबँड लांब ठेवा. पहिल्याने हिरवट चिकट थर येतो, दुसऱ्यातल्या गंधकाने काळं पडतं. हिरवा थर शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता बुडवून काढता येतो. काळं पडलेलं मात्र राहू द्या. चांदी उजळायच्या द्रावणात झाक जाते.

तराजू
दोघांनीही खरेपणाचं काहीच लिहिलं नाही. कडेला दाते नसतात, .९९९ फाइन सिल्व्हर ५.० आउन्स अशी अक्षरं कोरलेली असतात. ती आधी वाचा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा १४.८ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवा. तांब्याच्या गाभ्याचं असेल तर १७ च्या पुढे जातं. 'पी'वर हे करू नका, दोऱ्याचा माग राहतो. त्याचं फक्त वजन करा आणि कॅप्सूल तिरकी धरून वरून निओडिमियम चुंबक सोडा: चांदीवर तो रेंगाळत उतरतो. चिकटला तर व्यवहार तिथेच थांबवा.