मदत हवी आहे: व्हिएतनामला निघालोय चौघी, डॉलर कोल्हापुरातनं कसे घ्यायचे?

नमस्कार मंडळी,

आमच्या राजारामपुरीतल्या भिशीतल्या चौघीजणी दिवाळीनंतर व्हिएतनामला निघालोय. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, तिथनं विमानानं हनोई, मग हालाँग बे आणि शेवटी दा नांग. चौघींपैकी एकीनंही अजून देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही त्यामुळं पासपोर्ट काढण्यापासनं सगळंच नवीन आहे. तिकिटं झाली, हॉटेलं झाली, ई-व्हिसाचे प्रत्येकी २५ डॉलर पण भरून झाले. आता गाडी अडलीय ती तिथं खर्चायच्या पैशांवर.

पैसे आहेत आमच्याकडं. दर महिन्याला भिशीच्या हप्त्याबरोबर थोडे थोडे वेगळे ठेवत आलोय आणि ते सगळे रोख आहेत, एकीच्या कपाटात. एकीची खानावळ आहे, एक शिवणकाम करते, एक शाळेतनं रिटायर झालेल्या बाई आहेत आणि मी, म्हणजे हे कष्टाचे पैसे आहेत, एक रुपया सुद्धा उगाच जाऊ नये असं वाटतं. म्हणून नीट विचारून घेते, जरा मोठं झालं तरी वाचा.

व्हिएतनामचं चलन डोंग, ते इथं कुणाकडंच मिळेना, सगळे म्हणतात डॉलर न्या आणि तिथं मोडा. ठीक आहे. आमच्या सहकारी बँकेत विचारलं तर तिथं फॉरेन एक्स्चेंजचं काम होतच नाही. एका सरकारी बँकेत म्हणाले खातं आमच्याकडं पाहिजे आणि नोटा बाहेरनं मागवाव्या लागतील, आधी सांगा. स्टेशन रोडला एक फॉरेक्सवाले आहेत त्यांनी पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन असं सगळं मागितलं आणि रेट सांगितला तो गुगलवर दिसतो त्याच्यापेक्षा जास्त, वर जीएसटी वेगळा.

आता खरी गोष्ट. ज्या एजंटकडनं तिकिटं काढली तो म्हणतो वहिनी डॉलर मीच देतो, कागदपत्रं नकोत, पावती नको, जीएसटी वाचेल तुमचा. आणि दुसरीकडं आमच्या गल्लीतले एक काका आहेत, त्यांच्या मुलानं अमेरिकेतनं येताना आणलेले डॉलर घरात पडून आहेत, ते म्हणतात मला नकोच आहेत, गुगलच्या रेटनं घेऊन जावा, तुमचा पण फायदा माझा पण. काका अगदी घरातल्यासारखे, मनात काही वाईट नाही त्यांच्या. बाकीच्या तिघी काकांकडनं घ्यायला तयार आहेत, माझंच मन घेईना. हे चालतं का? घरच्या घरी असं दिलं घेतलं तर काय बिघडतं?

आणखी दोन शंका. आमच्यातल्या एकीचं पॅन माहेरच्या नावाचं आहे आणि पासपोर्ट सासरच्या, ते अडेल का? आणि फॉरेक्स कार्ड (आधी पैसे भरून परदेशात वापरायचं कार्ड) घ्या म्हणून सगळे मागं लागलेत, ते घ्यावं की सगळी रोकडच न्यावी? माणशी ४०० डॉलर पुरतील असा अंदाज आहे कारण नाश्ता हॉटेलात आहे आणि फिरायच्या गाड्यांचे पैसे भरलेत.

सविस्तर सांगा, घाईत असाल तर थोडं सांगा पण खात्रीचं सांगा. आगाऊ आभार.

———

प्रतिसाद:

ताई, मी बँकेत याच खात्यात होतो, आता निवृत्त आहे. तुमचं मन घेत नाही ते बरोबर आहे.

परकीय चलन विकत घ्यायचं ते रिझर्व्ह बँकेनं परवाना दिलेल्याकडनंच, म्हणजे तशी परवानगी असलेली बँक किंवा मनी चेंजर. शेजारी, नातेवाईक, एजंट यांच्याकडनं रुपये मोजून डॉलर घेणं फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, रक्कम छोटी असली तरी. दंडाची तरतूद गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत आहे. तुमच्या काकांचा हेतू चांगला असणार, पण त्यांच्याकडनं घेतलेल्या नोटेला कागद नाही. नोट खोटी निघाली किंवा विमानतळावर कुणी विचारलं कुठनं आणलेत, तर तुम्ही काय दाखवणार?

एजंट जीएसटी वाचवतो म्हणतोय ना, तो जीएसटी किती ते बघा. तो पूर्ण रकमेवर लागत नाही. लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का धरतात, कमीत कमी २५० रुपये, आणि त्या धरलेल्या रकमेवर १८ टक्के. म्हणजे ३६ हजारांचे डॉलर घेतले तर ३६० रुपयांवर १८ टक्के, साधारण ६५ रुपये. पासष्ट रुपयांसाठी पावती सोडायची का? पावती हाच तर तुमचा पुरावा आहे, ती परत येईपर्यंत पासपोर्टसोबत ठेवा.

रोख रुपये देऊन डॉलर घेता येतात, पण एका माणसाला ५० हजार रुपयांच्या आतच. त्याच्यावर गेलं की चेक नाहीतर खात्यातनं. तुम्ही माणशी ४०० डॉलर म्हणताय, ते आत बसतंय. बाईंच्या एकट्यांच्या नावावर चौघींचे घ्यायचे असला विचार असेल तर तो सोडा, जिचा प्रवास तिच्या नावानं, तिच्या पॅनवर, चलन घेताना भरायच्या ए-२ फॉर्मवर तिची सही. डॉलरच्या नोटा एका प्रवासाला ३ हजार डॉलरपर्यंत नेता येतात, तुम्ही त्याच्या आसपास पण नाही. आणि प्रवासाच्या आधी ६० दिवसांच्या आत घ्यायचे, फार आधी देत नाहीत.

टीसीएसची, म्हणजे खरेदी करतानाच वरनं घेतात त्या कराची, भीती कुणी घातली असेल तर ती पण काढून टाका. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांच्या वर गेलं तरच असल्या खरेदीवर टीसीएस, आधी ती मर्यादा ७ लाख होती.

पॅनवरच्या नावाचं म्हणाल तर फॉरेक्सवाल्याला आधीच विचारून घ्या, लग्नाचा दाखला सोबत न्या. वेळ आहे तर पॅनची दुरुस्ती ऑनलाईन टाकून द्या, पुढं कायमचं काम होऊन जाईल.

———

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. ६५ रुपयांचा हिशोब भिशीच्या ग्रुपवर टाकला आणि एजंटचा विषय तिथंच संपला. बाईंच्या एकट्यांच्या नावावर घ्यायचं हे खरंच आमच्यात बोलणं झालं होतं, तुम्ही न सांगता ओळखलंत.

पण काकांना काय सांगू? त्यांना वाटणार आमच्यावर विश्वास नाही. आणि एक कळत नाही, गुगलचा रेट आणि दुकानाचा रेट यात एवढा फरक का असतो, ते लोक आपल्याला फसवतात का?

———

प्रतिसाद:

मी इचलकरंजीचा, मागच्या वर्षी आईबाबांना घेऊन व्हिएतनाम करून आलोय त्यामुळं लिहितो. आधी रेटचं. गुगलवर दिसतो तो मोठमोठ्या बँकांचा आपापसातला मधला भाव, त्या भावानं काउंटरवर आपल्याला कुणीच देत नाही, दुकानदाराला नोटा मागवायला, ठेवायला खर्च आहे आणि त्याचा नफा आहे. विकताना थोडा जास्त आणि आपल्याकडनं घेताना थोडा कमी असा दोन्हीकडनं असतो. तुमचे काका दुकानात गेले तर त्यांना गुगलपेक्षा कमी मिळणार म्हणून ते तुम्हाला गुगलच्या रेटनं द्यायला बघतात, यात लबाडी काही नाही पण रस्ता चुकीचा आहे.

तुम्ही एकाच दिवशी, एकाच तासात दोन-तीन ठिकाणी फोन करा आणि रेट विचारूच नका. असं विचारा की सगळं धरून ४०० डॉलर हातात पडायला मला एकूण किती रुपये द्यावे लागतील. मग कुणाचा रेट कमी आणि सर्व्हिस चार्ज जास्त असला खेळ राहत नाही. चौघी एकदम घेणार म्हटल्यावर घासाघीस पण करा, डॉलरमागं रुपया जरी सुटला तरी चौघींचे मिळून सोळाशे रुपये होतात. मुंबई एअरपोर्टवर घेऊ म्हणून थांबू नका, तिथला रेट अंगावर येतो.

नोटा घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. १०० आणि ५० च्याच घ्या, व्हिएतनाममध्ये मोठ्या नोटेला चांगला भाव मिळतो आणि १, ५, १० च्या नोटांना कमी. घडी पडलेली, फाटकी, पेनानं काही लिहिलेली, शिक्का मारलेली नोट तिथं नाकारतात नाहीतर भाव पाडतात. १०० ची २०१३ नंतरची नवी निळी पट्टीवाली मागा. काउंटरवरच बदलून घ्या, लाजू नका.

तिथं डॉलर मोडायचे ते बँकेत, पासपोर्ट घेऊन जायचा. हनोईच्या जुन्या भागात सोन्याचांदीच्या दुकानांची गल्ली आहे, आपल्या गुजरीसारखीच, तिथं चांगला रेट देतात असं सगळे सांगतील. पण परवाना नसलेल्या दुकानात डॉलर मोडणं तिथं पण गुन्हा आहे. २०१८ साली तिकडच्या कॅन थो शहरात एका इलेक्ट्रिशियनला सोनाराकडं १०० डॉलर मोडले म्हणून ९ कोटी डोंगचा दंड लावला होता, फार गाजलं ते, नंतर माफ केला. म्हणजे बघा, कोल्हापूर असो नाहीतर हनोई, विचारायचा प्रश्न एकच, परवाना आहे का.

एका डॉलरला साधारण २६ हजार डोंग मिळतात, म्हणजे १०० ची एक नोट मोडली की तुम्ही सव्वीस लाखांच्या मालकीण. आई पहिल्या दिवशी घाबरूनच गेली होती. २० हजार आणि ५ लाखाची नोट दोन्ही निळ्या आहेत, संध्याकाळच्या उजेडात हमखास गोंधळ होतो, त्या दोन वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा. आणि देताना नोटेवरची शून्यं मोजून द्या, खासकरून टॅक्सीत.

———

प्रतिसाद:

कार्डाबद्दल माझं मत. फॉरेक्स कार्डात डोंग भरता येत नाहीत, डॉलर भरावे लागतात आणि तिथं डोंगमध्ये खर्च केला की पुन्हा बदलायचा चार्ज लागतो, बऱ्याच कार्डांना तो साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो. ४०० डॉलरसाठी कार्ड काढण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, आणि कार्ड एकीच्याच नावावर असणार, चौघींचं एकत्र होत नाही. रोख न्या आणि अडीअडचणीला दोघींचं नेहमीचं व्हिसा नाहीतर मास्टरकार्ड सोबत ठेवा. कार्डाचा परदेशी वापर २०२० पासून मुळात बंदच ठेवतात, तो ॲपमधनं चालू करा, लिमिट कमी ठेवा आणि एकदा बँकेला फोन करून खात्री करा. सहकारी बँकेची साधी रूपे कार्डं बहुतेक देशातच चालतात, त्यावर विसंबू नका. यूपीआयच्या भरवशावर पण जाऊ नका.

तिथं कार्ड मशीनवर रुपयांत भरायचे की डोंगमध्ये असं विचारलं तर डोंग दाबा. रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं पण तो रेट महाग पडतो.

पैसे एकीच्या पर्समध्ये ठेवू नका, चौघींनी वाटून घ्या आणि रोजच्यापुरते बाहेर, बाकीचे हॉटेलच्या लॉकरमध्ये. येताना मुंबईत टॅक्सी, चहा, कोल्हापूरपर्यंतचा खर्च यासाठी आपले रुपये पण सोबत ठेवा, माणशी २५ हजारांपर्यंत भारतीय नोटा नेता येतात, तेवढ्याची गरज पडणार नाही.

———

पहिल्या प्रतिसादातला मीच:

वरच्या दोघांनी छान लिहिलंय. परत आल्यावरचं तेवढं राहिलं. उरलेले डोंग तिथंच विमानतळावर डॉलरमध्ये बदलून या, इथं कुणी घेणार नाही. उरलेले डॉलर परत आल्यापासनं १८० दिवसांत मोडायचे, पण २ हजार डॉलरपर्यंत नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवल्या तरी चालतात, त्यामुळं शंभर-दीडशे उरले तर घाई करू नका.

हाच नियम तुमच्या काकांना सांगा. त्यांच्याकडं घरात थोडे डॉलर आहेत यात गुन्हा काही नाही, फक्त विकायचे तर परवानेवाल्याकडं विकायचे. विश्वासाचा प्रश्नच नाही, तुमच्यासोबत त्यांनाही घेऊन जावा की.

———

धागाकर्ती:

मंडळी, काय बोलू. आज संध्याकाळी चौघी बसलो आणि सगळं मोठ्यानं वाचलं. ठरलं ते असं: जायच्या आधीच्या आठवड्यात तीन ठिकाणी फोन करायचा, प्रत्येकीनं आपापल्या नावानं, आपल्या पॅनवर ४०० डॉलर घ्यायचे, १०० च्या तीन आणि ५० च्या दोन नोटा, पावती वेगवेगळी. फॉरेक्स कार्ड नाही. बाईंचं आणि माझं डेबिट कार्ड चालू करून घेणार. पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज खानावळवालीच्या लेकीनं आत्ताच भरला.

काकांकडं पण जाऊन आले. तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, म्हणाले अगं मला कुठं माहीत होतं हे, बरं झालं सांगितलंस. आमच्याबरोबर त्याच दिवशी येतायत स्टेशन रोडला, त्यांच्या डॉलरचे रुपये करायला.